द कुन्हांचा ग्रंथ आणि आजचा वाचक

वसईच्या इतिहासाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यास डॉ. जोसे गेर्सोन द कुन्हा यांना टाळून पुढे जाता येत नाही. चौल व वसई यांचा इतिहास आणि तेथील प्राचीन अवशेष यांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १८७६ साली मुंबईत प्रसिद्ध झाला. गोव्यात जन्मलेल्या या डॉक्टरांनी पोर्तुगीज बखरकारांचे लेखन धुंडाळले आणि वसईच्या किल्ल्यातील थडग्यांवरचे लेख उतरवून घेतले. १९९३ साली दिल्लीहून या ग्रंथाचे पुनर्मुद्रण झाले. ग्रंथ पुन्हा हाती आला, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु आपल्या घरातील तरुण वाचकास तेवढ्याने तो समजेल काय?

ग्रंथानंतर सहा वर्षांनी, १८८२ साली, पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला. महिकावतीची बखर राजवाडे यांनी १९२४ साली छापली. पेशवे दप्तरातील निवडक कागद त्यानंतरच्या दशकात प्रसिद्ध झाले. यांतले काहीच द कुन्हांसमोर नव्हते. शिवाय साधे अडथळेही आहेत. ‘साष्टी’ म्हणजे ठाण्याजवळची की गोव्यातली, हे नवख्यास कळत नाही. १७३९ च्या वेढ्याविषयी मुंबईकर इंग्रजांच्या पत्रांतील तारखा पोर्तुगीज तारखांहून ११ दिवस मागे असतात, कारण इंग्रजांनी नवी दिनगणना १७५२ साली स्वीकारली. अशा ठिकाणी टीप नसेल, तर वाचक वाट चुकणारच.

म्हणून नवी आवृत्ती हवी. मात्र मूळ संहितेस हात न लावता. दुरुस्ती तळटीपेत यावी, नवी माहिती पुरवणीत यावी, आणि लेखक कोठे संपतो व संपादक कोठे सुरू होतो हे वाचकास स्पष्ट दिसावे. जुन्या लेखकाच्या तोंडी आपली मते घालणे हा त्याचा सन्मान नव्हे.

खरी कसोटी अप्रिय मजकुराची आहे. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी मंडपेश्वरच्या लेण्यात चर्च उभारले, ही गोष्ट आपणांस सुखाची नाही. म्हणून ती सौम्य करावी काय? आणि चिमाजी आप्पांच्या विजयाचे वर्णन करताना किल्ल्याच्या आतील माणसांचे हाल गाळावेत काय? दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असेच असले पाहिजे. सत्याचे भय श्रद्धावंताने बाळगू नये.

एक उणीव मात्र टिपांनी भरून निघणार नाही. ग्रंथाची दृष्टी तट, मठ, कप्तान आणि सरदार यांच्यावर खिळलेली आहे. वाडीत घाम गाळणारा शेतकरी, समुद्रावर जाणारा कोळी, १७३९ नंतर राज्य बदलले तरी गाव व श्रद्धा न सोडणारी कुटुंबे यांना तेथे फारशी जागा नाही. त्यांचा इतिहास धर्मग्रामांच्या बाप्तिस्मा-विवाहाच्या नोंदींत, जमिनीच्या कागदांत आणि वृद्धांच्या बोलीत विखुरलेला आहे. तो द कुन्हांच्या ग्रंथात घुसडू नये. त्याच्या शेजारी ठेवता येईल असे दुसरे पुस्तक लिहावे. ते काम आपले आहे.