ध्वनी, स्थळ आणि उपलब्धता : सिॲटलच्या ग्रंज-संगीताचा नकाशा

संगीताचा इतिहास सामान्यतः व्यक्ती आणि कृती यांच्या आधारे लिहिला जातो. एखादा संगीतप्रवाह शहराच्या नावाने ओळखला जाऊ लागला, की मात्र कृतींच्या यादीची जागा स्थळांची यादी घेते. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातील सिॲटलबाबत हे विशेषत्वाने घडले आहे. १९८० नंतरच्या दशकात पंक आणि हेवी मेटल यांच्या संकरातून तेथे उभे राहिलेले, गिटारचा स्वर मुद्दाम खरखरीत करणारे संगीत ‘ग्रंज’ या नावाने जगभर गेले. आणि त्याचे श्रोते आजही त्या शहरात खुणा शोधत हिंडतात. हे स्थळवाचन नेमके कशाचे वाचन असते, हा प्रश्न आहे.

या वाचनाची एक रूढ पद्धत निसर्गवादी म्हणावी लागेल. पाऊस, ढगाळ आकाश आणि त्यातून येणारे औदासीन्य यांचा उद्गार म्हणजे हे संगीत, असे तीत गृहीत धरले जाते. डग्लस हॉलिस यांचे ‘अ साउंड गार्डन’ हे शिल्प या गृहीतकाला प्रतीकासारखे लाभले आहे. सरोवरकाठी उभारलेल्या खांबांवरील नळ्यांतून वारा गेला की ध्वनी उमटतो; ‘साउंडगार्डन’ या बँडने आपले नाव तेथूनच घेतले. भूमी जणू स्वतःच वाजते, अशी ही प्रतिमा मोहक आहे. पण ती फसवी आहे. पाऊस सिॲटलमध्ये त्यापूर्वीही पडतच होता. शिवाय या संगीताचे कर्ते सगळे त्या मातीतले नव्हते. ‘निर्वाणा’ ॲबरडीन या लाकूडतोडीवर जगणाऱ्या गावातून आला. ‘साउंडगार्डन’चे गिटारवादक किम थायिल आणि ‘सब पॉप’चे संस्थापक ब्रूस पॅव्हिट हे इलिनॉय राज्यात वाढले. तेव्हा स्थळाचे कार्य हवामानात नव्हे, तर उपलब्धतेत शोधावे लागते.

ही उपलब्धता आर्थिक होती. बोइंग कंपनीत १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात सुमारे १ लाख माणसे काम करीत होती. १९७१ पर्यंत ती संख्या ४० हजारांच्या खाली आली. पुढे शहर सावरले, तरी करमणूक-उद्योगाच्या केंद्रांपासून ते दूरच राहिले. कोणाला फारशा नको असलेल्या जागा हेच या संगीताचे पहिले भांडवल ठरले. बॅलर्ड भागातील त्रिकोणी आकाराच्या लहानशा इमारतीतील ‘रेसिप्रोकल रेकॉर्डिंग’मध्ये जॅक एंडिनो यांनी ‘निर्वाणा’चा ‘ब्लीच’ (१९८९) ध्वनिमुद्रित केला, तो ६०६ डॉलर १७ सेंट खर्चात. ‘सब पॉप’चा उगमही १९८० मध्ये ऑलिंपियात निघालेल्या एका अनियतकालिकात आहे. ‘ओके हॉटेल’ बंदराकाठच्या दुमजली उन्नत मार्गाच्या सावलीत होते. १७ एप्रिल १९९१ रोजी ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’ तेथे प्रथम लोकांसमोर गायले गेले. ही स्थळे आधीच अर्थपूर्ण नव्हती. त्यांच्यावर कोणाचा अर्थ लादलेला नव्हता, हेच त्यांचे मोल होते.

परंतु उपलब्धता सर्वांसाठी सारखी नव्हती, आणि येथे स्मरणरंजनाचा नकाशा मौन पाळतो. १९८५ च्या एका नगर-अध्यादेशाने अल्पवयीनांच्या नृत्य-कार्यक्रमांवर विमा व सुरक्षा यांच्या जाचक अटी घातल्या. २००२ मध्ये तो रद्द होईपर्यंत किशोरांसाठी कार्यक्रम करणे जवळजवळ अशक्य झाले होते. मद्यालयांची यादी वाचताना दाराबाहेर राहिलेले हे श्रोते दिसत नाहीत. त्याहून गंभीर उदाहरण ‘द गिट्स’च्या गायिका मिया झपाटा यांचे आहे. जुलै १९९३ मध्ये कॅपिटॉल हिलवरील ‘कॉमेट टॅव्हर्न’मधील संध्याकाळीनंतर घरी परतताना त्यांच्यावर बलात्कार करून त्यांचा खून करण्यात आला; गुन्हेगाराला शिक्षा होण्यास २००४ साल उजाडले. मित्रमैत्रिणींनी त्यानंतर ‘होम अलाइव्ह’ ही स्वसंरक्षण शिकविणारी संस्था उभी केली. नकाशावर बिंदू असतात, दोन बिंदूंमधला रात्रीचा रस्ता नसतो. ज्यांना तो रस्ता सुरक्षित नव्हता, त्यांच्या दृष्टीने या शहराची संहिता वेगळी आहे.

एप्रिल १९९४ मध्ये कर्ट कोबेन यांच्या मृत्यूनंतर हजारो लोक सिॲटल सेंटरच्या आवारात जमले. त्याच आवारात २००० साली फ्रँक गेरी यांनी रचलेले संगीत-संग्रहालय उघडले. मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल ॲलन यांच्या संपत्तीतून ते उभे राहिले. त्यांच्याच ‘व्हल्कन’ कंपनीने जवळच्या साउथ लेक युनियन भागाचा कायापालट केला आणि ॲमेझॉनची कार्यालये तेथे आली. एकीकडे स्मृती जतन होते. दुसरीकडे, तिला जन्म देणारी स्वस्त जागा त्याच भांडवलाच्या ओघात दुर्मीळ होते. हा कोणाचा कावा नव्हे; पण हा विरोधाभास संग्रहालयाच्या काचेआड मांडता येत नाही. ‘ओके हॉटेल’ २००१ च्या भूकंपानंतर बंद पडले, पुढे तेथे निवासी सदनिका झाल्या. ज्याच्या सावलीत ते होते तो उन्नत मार्गही २०१९ मध्ये पाडण्यात आला.

कोबेन यांच्या घरालगतच्या व्हिरेटा पार्कमधील बाकांवर अनोळखी माणसे आपले शब्द लिहून जातात. संग्रहालयाच्या तुलनेत हे लेखन अधिक जिवंत वाटते. तरीही तेही एकाच व्यक्तीभोवती फिरते, आणि ज्या सामूहिक व्यवहारातून ती व्यक्ती घडली तो दृष्टीआडच राहतो. म्हणून प्रत्येक स्थळापाशी ‘येथे कोण वाजवून गेले’ यापेक्षा ‘येथे वाजविणे शक्य कसे झाले, आणि कोणाला’ हे विचारणे आवश्यक ठरते. बॅलर्डच्या त्या त्रिकोणी इमारतीत ‘रेसिप्रोकल’ बंद झाल्यावरही अनेक वर्षे वेगवेगळ्या नावांनी ध्वनिमुद्रण होत राहिले. या स्थळाचा खरा वारसा कोणता, याचे उत्तर एखाद्या स्मृतिफलकापेक्षा त्या चालू राहिलेल्या कामात अधिक सापडते.