‘शाया’ म्हणणाऱ्या मुलाचं नेमकं काय चुकतं?

(म्हसावद, ता. शहादा येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

इथल्या बाजारात तासभर उभं राहिलं तर अहिराणी, गुजरी, भिलोरी, पावरी आणि मराठी अशा सगळ्या कानावर पडतात. मग इथल्याच पहिलीच्या वर्गात मूल ‘शाया’ म्हणालं की त्याला ‘नीट बोल, शाळा म्हण’ असं का ऐकावं लागतं? ‘शुद्ध उच्चार’ या कल्पनेवरच आज आम्हाला टीका करायची आहे.

आधी एक साधी गोष्ट करून बघा. ‘माझा’ म्हणा, मग ‘माझी’ म्हणा. झ बदलला ना? पहिल्यात जीभ दातांजवळ असते, दुसऱ्यात ती टाळूकडे सरकते. पुढे इ किंवा ए आला की हा बदल होतो. हा नियम आपल्याला कोणी शिकवला? कोणीच नाही. लिपीत तर तो दिसतही नाही. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, अक्षरं तीच आणि उच्चार दोन. तरी चार वर्षांचं मराठी पोर इथं गडबडत नाही. ध्वनी अक्षरांत नसतात, डोक्यात बसलेल्या व्यवस्थेत असतात, एवढंच आम्हाला यातून सांगायचंय.

ही व्यवस्था फार लवकर बसते. 1984 साली जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी कॅनडात इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता. दहा-बारा महिन्यांपर्यंत बहुतेकांचा तो कान गेला होता, कारण घरात त्या फरकाचं काम पडत नव्हतं. म्हणजे बोलायला लागण्याआधीच कान घरच्या भाषेपुरता बेतला जातो. मोठेपणी नवा फरक शिकता येतो, पण कष्टानं.

आता ‘शाया’कडे येऊ. अहिराणीत डोळा होतो डोया, काळा होतो काया. ळ म्हणताना जिभेचं टोक मागे वळून टाळूला लागतं; य म्हणताना जिभेचा मधला भाग नुसता वर उचलला जातो, कुठं टेकत नाही. आळशीपणा म्हणायचा का हा? मग तेच मूल तेलाला ‘तेय’ का म्हणत नाही? गालाला ‘गाय’ का म्हणत नाही? कधीच म्हणत नाही. ल तिथं जसाच्या तसा राहतो.

याच्या मागे इतिहास आहे. दोन स्वरांमधला जुना एकेरी ल मराठीत ळ झाला, म्हणून फल चं फळ झालं. जिथं प्राकृतात दुहेरी ल्ल होता तिथं ल टिकला, म्हणून तेल, गाल. अहिराणी बोलणाऱ्याच्या डोक्यात हे दोन्ही गट आजही वेगळे आहेत. एका गटावर फक्त पाटी बदलली. हिंदीत ‘काला’ म्हणतात तेव्हा हे गट एकत्र होतात, पण हिंदीवाल्याला आपण अशुद्ध म्हणत नाही! (आणि ‘पानी’ला हसणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं की मूळ संस्कृत शब्द पानीय आहे. ण आपणच नंतर आणला.)

दोष फक्त शाळेचा नाही. ग्रियर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात मराठी 1905 च्या सातव्या खंडात आहे, तर खानदेशी 1907 मध्ये नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, भिल्ल भाषांबरोबर. काम प्रचंड होतं, त्याबद्दल आदरच आहे. पण पद्धत बघा: बायबलातली उधळ्या मुलाची गोष्ट ठिकठिकाणच्या बोलींत लिहून घ्यायची आणि त्यावरून बोली ठरवायची. भाषा कागदावर पोचेपर्यंत लिहिणाऱ्याच्या कानातून आणि त्याच्या लिपीतून गाळून निघायची. ‘माझा’ आणि ‘माझी’तला फरक आपल्याच लिपीतून गळतो, तिथं परक्या बोलीचं काय होणार? डेक्कन कॉलेजच्या अलीकडच्या बोली-सर्वेक्षणात माणसांचे आवाज ध्वनिमुद्रित झाले, ही आम्हाला खरी सुधारणा वाटते.

आणि गंमत अशी की 2011 च्या जनगणनेत खानदेशी ही स्वतंत्र भाषा आहे, सुमारे 18 लाख 60 हजार लोकांची. कागदावर स्वतंत्र भाषा आणि वर्गात मोडकी मराठी! ज्या पोराला रोज दहा वेळा टोकलं जातं, ते चुकीचं बोलायचं थांबत नाही. ते बोलायचंच थांबतं.

प्रमाण मराठी शिकवू नका असं आम्ही म्हणत नाही. लेखनासाठी ळ लागतोच. पण फळ्यावर दोन रकाने करा. डावीकडे मुलांनी सांगितलेले शाया, डोया, केय. उजवीकडे शाळा, डोळा, केळं. नियम मुलंच शोधतील. मग शरीर या अर्थाचा ‘काया’ शब्द द्या आणि विचारा, याचा ‘काळा’ होईल का? इथं मुलं अडतील, कारण त्यांच्या य मध्ये आता दोन वेगळे पाहुणे राहतात, आणि कोणता कुठला हे शब्दागणिक शिकावं लागतं. खरा धडा इथंच आहे, तो ‘नीट बोल’ म्हणून होत नाही. शेजारच्या बाकावरच्या पावरी घरातल्या मुलीचा डावा रकाना मात्र वेगळा निघेल. तो तिलाच विचारून भरायचा.