भीती जमली, नवल हरवलं

दिलीप प्रभावळकरांच्या भूमिका नुसत्या ओळीने आठवल्या, तरी मराठीतल्या भुताखेतांचा आणि अद्भुताचा बराचसा इतिहास डोळ्यांसमोरून सरकतो. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यातली चेटकीण त्यांची. ‘एक डाव भुताचा’ (१९८२) मधलं भूत त्यांचं. ‘झपाटलेला’मधला (१९९३) तात्या विंचू त्यांचा. ‘फास्टर फेणे’त (२०१७) भा. रा. भागवत होऊन आले तेही तेच, आणि वयाच्या ऐंशीच्या आसपास ‘दशावतार’चा (२०२५) बाबुली मेस्त्री त्यांनी उभा केला. या यादीत पोरांना खिदळवणारी भीती आहे, शुद्ध गंमत आहे आणि अंगावर काटा आणणारा संतापही आहे. एका नटाच्या वाट्याला हे सगळं आलं. आपल्या नव्या सिनेमाकडे मात्र यातला एकच रंग उरला आहे, आणि तो भीतीचा आहे.

हा रंग सध्या चांगला चढलाय, हे आधी मोकळेपणाने सांगायला हवं. मराठी रहस्यपट म्हटलं की ‘कथा बरी होती, पण खुनी मध्यंतरातच कळला’ असं म्हणत लोक बाहेर पडायचे. परेश मोकाशींच्या ‘वाळवी’ने (२०२३) तो प्रश्नच निकालात काढला, कारण तिथे खुनी कोण हे पहिल्यापासूनच ठाऊक असतं. अनिकेतने बायकोला जोडीने आत्महत्या करायला राजी केलंय. खरा बेत तिला एकटीलाच संपवायचा आणि प्रेयसीबरोबर नवा संसार थाटायचा. बेत मिनिटामिनिटाचा आखलेला, पण माणसं घड्याळाप्रमाणे वागत नाहीत. बघता बघता आपण मनातल्या मनात खुन्यांच्या बाजूला जाऊन उभे राहतो. आता यांचं बिंग फुटू नये, असं वाटायला लागतं आणि आपलीच आपल्याला लाज वाटते. रहस्यपटाची खरी ताकद तीच. मधुगंधा कुलकर्णी आणि मोकाशी यांच्या पटकथेत एकही प्रसंग नुसता वेळ काढायला आलेला नाही. स्वप्नील जोशीच्या चेहऱ्यावरचा गोडवा आपण इतकी वर्षं प्रेमकथांमध्ये पाहिला. इथे त्याच गोडव्याची भीती वाटते. आणि अनिता दातेने खचलेली, नवऱ्यावर विसंबलेली बायको कुठेही बावळट होऊ दिलेली नाही. ७०व्या राष्ट्रीय पुरस्कारांत या चित्रपटाला मराठीतल्या सर्वोत्कृष्टाचा मान मिळाला. विनोदाची फोडणी असलेल्या खूनकथेची अशी दखल घेतली जाणं मला फार महत्त्वाचं वाटतं. सामाजिक प्रश्न मांडला म्हणजेच चित्रपट मोठा, या आपल्याकडच्या जुन्या समजुतीला त्यामुळे धक्का बसला.

त्याआधीचा विशाल फुरियांचा ‘लपाछपी’ (२०१७) मात्र प्रश्नही मांडतो आणि घाबरवतोही. कर्जापायी शहर सोडून आलेलं जोडपं, बायको गरोदर, आणि राहायला मिळालेलं घर उसाच्या फडाच्या मधोमध. त्या उसाकडे जरा नीट पाहण्यासारखं आहे. आपल्या ग्रामीण चित्रपटांत ऊस म्हणजे बागायतदाराची श्रीमंती, पाटलाचा तोरा, फार तर बांधावरचं प्रेम. फुरियांनी कॅमेरा फडात नेला आणि डोक्याच्या वर गेलेली ती पाती भिंतीसारखी दाटून आली. दहा हातांपलीकडचं दिसत नाही, कुठल्या सरीतून आत शिरलो ते आठवत नाही, आणि सगळीकडे पात्यांची सळसळ. भरदिवसा, लख्ख उन्हात भीती वाटायला लावणं सोपं नसतं. इथे ते साधलंय. पूजा सावंतची धडपड आणि उषा नाईकांच्या तुळसाबाईचं मायेने गुदमरवणं यांतून गोष्ट जिथे पोहोचते, ते स्त्रीभ्रूणहत्येचं वास्तव कुठल्याही हडळीपेक्षा भयंकर आहे. पुढे फुरियांनीच हा चित्रपट हिंदीत ‘छोरी’ (२०२१) म्हणून केला.

मराठी रहस्यकथा परप्रांतात जाणं तसं नवं नाही. राजा परांजपे यांच्या ‘पाठलाग’वरून (१९६४) राज खोसलांचा ‘मेरा साया’ (१९६६) झाला. चंद्रकांत कुलकर्णींचा ‘बिनधास्त’ (१९९९) प्रियदर्शन यांनी तमिळमध्ये नेला. म्हणजे गोष्ट रचण्यात आपण कमी नव्हतोच. कमी पडत होतो ते सातत्यात. ‘पाठलाग’नंतर ‘हा खेळ सावल्यांचा’पर्यंत (१९७६) बारा वर्षं गेली. मधेच एखादा ‘चेकमेट’ (२००८) यायचा, पुन्हा सगळं सामसूम. आता हे अंतर कमी झालंय. २०२४मध्ये ‘अल्याड पल्याड’ आला. सिंधुदुर्गातल्या आचऱ्यासारख्या गावांत गावपळणीची प्रथा आहे. ठरावीक दिवसांसाठी सगळं गाव गुराढोरांसकट वेशीबाहेर राहायला जातं. ओस पडलेल्या त्या गावात कोणी मागे राहिलं तर काय होईल, ही कल्पना इतकी पक्की आहे, की चित्रपट पुढे ठरीव वाटेने गेला तरी ती पुरून उरते. २०२५मध्ये कादंबरीकार हृषीकेश गुप्ते यांनी ‘जारण’ दिग्दर्शित केला. बाईवर खरंच कोणी करणी केलीये की तिचं मन आजारी आहे, हा काटा त्यांनी दोन्हीकडे समतोल तोलून धरलाय. अमृता सुभाषच्या चेहऱ्यावर एकाच क्षणी दोन्ही उत्तरं खरी वाटतात.

या सगळ्यांत खटकणारी एक गोष्ट आहे, ती म्हणजे पार्श्वसंगीत. दार करकरलं की वाद्यवृंद कोसळतो, मांजर आडवं गेलं तरी कोसळतो. प्रेक्षक दचकतो, पण घाबरत नाही. भीती शांततेत वाढते, आणि शांतता ठेवायला दिग्दर्शकाला धीर लागतो. ‘लपाछपी’सुद्धा काही जागी हा धीर सोडतो. आपल्याकडच्या घरांना इतके निरनिराळे आवाज आहेत: माळ्यावरचा उंदीर, ओसरीवरच्या झोपाळ्याच्या कड्या, पावसात कौलांतून गळणारं पाणी, रहाट. यांतला एकेक आवाज नीट वापरला तरी व्हायोलिनच्या किंकाळ्या लागणार नाहीत.

आपल्याच मातीतल्या भुतांनी खरी कमाई केली ती हिंदीत. राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’मध्ये (२०१८) नारायण धारपांच्या एका कथेचं बीज आहे आणि नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीची आठवण देणारं. त्यातला वाडा मराठी, पाऊस कोकणातला, कणकेची बाहुली हातात घेऊन खाली उतरणारा माणूसही आपलाच, भाषा तेवढी हिंदी. पहिल्या वेळी जेमतेम चाललेला हा चित्रपट सप्टेंबर २०२४मध्ये पुन्हा लागला, तेव्हा त्याने आधीपेक्षा जास्त गल्ला जमवला. त्याच वर्षी आदित्य सरपोतदारांचा ‘मुंज्या’ आला. मुंज होऊन लग्नाआधी मेलेला पोरगा पिंपळावर मुंज्या होऊन बसतो, ही गोष्ट आपल्यापैकी कितीतरी जणांनी आजोळी ऐकलेली. हिंदीत तिने शंभर कोटींचा टप्पा ओलांडला. याच सरपोतदारांनी आधी मराठीत ‘फास्टर फेणे’ आणि ‘झोंबिवली’ (२०२२) केले होते. डोंबिवलीतले टॉवर, शेजारची वस्ती आणि दूषित पाणी यांतून झोंबींची गोष्ट रचण्याची त्यांची कल्पना आजही ताजी वाटते. तो माणूस हिंदीत गेला याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. पिंपळावरून झेपावणारा, संगणकावर घडवलेला मुंज्या पडद्यावर आणायला जो पैसा लागतो, तो मराठी निर्मात्याच्या आवाक्याबाहेरचा आहे.

पण नवल, म्हणजे ज्याला पाहून लहान मूल आणि आजी एकदमच ‘आँ!’ करतील ते, फक्त पैशाअभावी हरवलं असं मला वाटत नाही. महेश कोठारे यांनी हे काम तुटपुंज्या साधनांत वर्षानुवर्षं केलं. ‘धडाकेबाज’मध्ये (१९९०) बाटलीतला बोटभर लक्ष्या होता, ‘झपाटलेला’त रामदास पाध्यांनी घडवलेली बाहुली होती. कल्पना हॉलिवूडच्या ‘चाइल्ड्स प्ले’वरून घेतलेली, पण बाहुलीत शिरणारा गुंड इथे ठेंगणा, फेंगडा, खास मराठी वळणाचा झाला आणि पोरं त्याला भीत भीत त्याची नक्कलही करायला लागली. त्या काळी जाणत्या समीक्षकांनी या चित्रपटांकडे ‘पोरकट’ म्हणून पाठ फिरवली. मला तो अन्याय वाटतो. अख्खं कुटुंब एका रांगेत बसून एकाच वेळी घाबरतं आणि हसतं, हे घडवायला मोठं कसब लागतं. ‘पछाडलेला’नंतर (२००४) तो झरा आटत गेला.

त्यानंतर मुलांच्या नावाने आपण जे चित्रपट केले ते उत्तम आहेत: ‘टिंग्या’, ‘किल्ला’, ‘एलिझाबेथ एकादशी’, ‘नाळ’. यांतला कुठलाही मी पुन्हा आनंदाने पाहीन. पण हे मुलांविषयीचे चित्रपट. मूल तिथे दुःख सोसतं, समजूतदार होतं आणि आपण मोठी माणसं डोळे पुसतो. आठ वर्षांच्या मुलाला त्या वयात जे हवं असतं, उडणारं, बोलणारं, अदृश्य होणारं, ते त्याला डब केलेल्या परदेशी चित्रपटांत शोधावं लागतं. ‘फास्टर फेणे’कडून मोठी आशा होती. भागवतांचा बन्या हा फुरसुंगीचा चिरतरुण शाळकरी पोरगा. चित्रपटाने त्याला वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या वयाचा केला आणि परीक्षेतल्या घोटाळ्यात उतरवला. अमेय वाघ चपळ होता, गिरीश कुलकर्णींचा आप्पा तर थंड डोक्याचा जबरदस्त खलनायक. चित्रपट मला आवडला, पण तो मोठ्यांचा थरारपट झाला. सायकलवरून अख्खं पुणं पालथं घालणारा शाळकरी फाफे अजून पडद्यावर यायचाय.

रंगभूमीवर ही उणीव नाही. सुधा करमरकरांनी १९५९मध्ये ‘लिटल थिएटर’ सुरू केलं, पहिलं नाटक मतकरींचं ‘मधुमंजिरी’. जवळपास साठ वर्षांनंतरही, २०१८मध्ये चिन्मय मांडलेकरांनी ‘अलबत्या गलबत्या’ पुन्हा बसवलं आणि वैभव मांगले चेटकीण झाले, तेव्हा नाट्यगृहं भरून वाहिली. चेटकीण प्रेक्षकांना काही विचारते आणि शेदोनशे मुलं एका सुरात तिला ओरडून उत्तर देतात; मधेच एखादं घाबरून आईच्या कुशीत तोंड खुपसतं, पण एका डोळ्याने बघतच राहतं. तिथे संगणकाची करामत नाही. एक नट, एक काळा झगा, लांब नाक आणि चढा आवाज, बस. याच मतकरींनी मोठ्यांसाठी गूढकथा लिहिल्या, वाचकांच्या झोपा उडवल्या. त्यांच्या लेखणीत भय आणि नवल शेजारी शेजारी नांदत होतं. आपल्या चित्रपटाने त्यातलं भय उचललं आणि नवल तिथेच ठेवून दिलं.

सुबोध खानोलकरांच्या ‘दशावतार’कडे मी याच नजरेने पाहिलं. दशावतारी नट आपला रंग आपणच लावतो. मांडवामागे पेटाऱ्याजवळ मांडी घालून बसायचं, छोट्या आरशात बघत कपाळापासून सुरुवात करायची, आणि तास-दीड तासाने तिथे गावातला सुतार किंवा शेतकरी नसतो, राजा असतो. लिहिलेली संहिता नसते. कथानक ठरतं, बोलणं पखवाज आणि झांजेच्या संगतीत जागच्या जागी सुचतं. पूर्वार्धात खानोलकरांनी हे बदलत जाणं फार प्रेमाने दाखवलंय. बाबुलीची दृष्टी अधू होत चाललीये, मुलगा त्याला आता थांबा म्हणतोय, आणि रंग लावलेला हा म्हातारा उजेडात उभा राहिला की अंगातलं वय गळून पडतं. प्रभावळकरांची पाठ ताठ होते तो क्षण म्हणजे शुद्ध नवल आहे. कुठलाही चमत्कार न दाखवता मिळालेलं.

उत्तरार्धात खाणमाफिया येतात, मुलगा जातो आणि बाबुलीचे अवतार सुडाला जुंपले जातात. प्रेक्षक टाळ्या देतात, आणि डोंगर पोखरणाऱ्यांवरचा तो राग खरा आहे, सिंधुदुर्गात तो रोजचा आहे. त्या दृश्यांचा जोर मी नाकारत नाही. पण मला मनापासून वाटलं, की मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह अशी जगाला तारणारी रूपं हाताशी असताना त्यांच्याकडून नुसती शिक्षाच का करून घेतली? ‘कांतारा’शी तुलना सगळ्यांनी केली. मला त्याहून जवळची वाटते ती २०२५चीच मल्याळम ‘लोका’. तिथे कळ्ळियंकाट्टू नीलीची जुनी यक्षीकथा घेऊन आजच्या शहरात वावरणारी नायिका घडवली आणि नवलाला पुढची दारं उघडी ठेवली. त्याच वर्षी ‘महावतार नरसिंह’ हा संपूर्ण ॲनिमेशनपट पाहायला आजीआजोबा नातवंडांना घेऊन गेले. म्हणजे मुलं आहेत, आजीआजोबा आहेत, तिकीट काढायची तयारीही आहे.

नाही ती वेळ. मराठी चित्रपटांना मल्टिप्लेक्समध्ये दुपारी बारा ते रात्री नऊच्या दरम्यान जागा मिळावी, असं राज्य सरकारने २०१५मध्ये ठरवलं. मुलांच्या चित्रपटाला त्यातलीही मंगळवारी दुपारी साडेतीनची वेळ मिळाली, तर तो पाहणार कोण? पोरं शाळेत, आईवडील कामावर. रहस्यपट रात्री दहाच्या खेळालाही तग धरतो, त्याचे प्रेक्षक तरुण असतात. सहकुटुंब पाहायच्या चित्रपटाला शनिवार-रविवारची सकाळ लागते, आणि एका आठवड्यात न उतरवण्याची हमी लागते, कारण त्याची ख्याती शाळेच्या डब्याच्या सुट्टीत पसरते आणि तिला वेळ लागतो. चेटकिणीच्या नाटकाचे प्रयोग सुट्टीच्या दिवशी लावतात, आईवडिलांना सोयीचे. निर्मात्यांना हे साठ वर्षं ठाऊक आहे. चित्रपटाच्या वितरकांनी निदान एका उन्हाळ्याच्या सुट्टीत ते करून पाहावं. फाफे, प्रभावळकरांनी लिहिलेला बोक्या आणि ती चेटकीण, तिघंही मोकळेच आहेत.