'बनगरवाडी'चे मास्तर आणि पोडावरचे गुरुजी

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) आम्ही अलीकडे पुन्हा वाचली. औंध संस्थानातील धनगरांच्या वाडीवर एकशिक्षकी शाळा चालवायला आलेला राजाराम विठ्ठल सौंदणीकर हा कोवळा मास्तर मराठी वाचकाच्या घरचाच झाला आहे. वाडीकरांची पत्रे लिहिणे, त्यांच्या अडचणी निस्तरणे, तालीम उभारणे, सारे तो करतो. लेखकाने त्याला ऋषी केले नाही. तो गोंधळतो, धास्तावतो, एकाकी पडतो. या कादंबरीचे सामर्थ्य त्यातच आहे.

मात्र वाचक म्हणून आम्ही एक अन्याय केला. मास्तरचा जिव्हाळा आम्ही डोक्यावर घेतला आणि त्याच्या नोकरीचा प्रश्न पुस्तकातच मिटून ठेवला.

यवतमाळ जिल्ह्यात केळापूर, झरी-जामणीकडील कोलामांच्या पोडांवर आजही बाहेरगावचे गुरुजी शिकवतात. मुलांची घरची बोली कोलामी, पुस्तकाची मराठी. तो सांधा त्यांनीच जुळवायचा. वाडीच्या मास्तरने जादा कामे मायेपोटी केली. आजच्या गुरुजींना ती आदेशाने मिळतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने जनगणना, आपत्ती-निवारण व निवडणुका यांखेरीज अशैक्षणिक कामांना मनाई केली, तरी माहितीचे तक्ते भरण्याचे ओझे काही उतरले नाही.

१९७७ च्या कायद्याने खाजगी शाळांतील शिक्षकाला सेवेचे संरक्षण मिळाले. पुढे २००० साली शिक्षणसेवक योजना आली. प्राथमिक शिक्षकाला पहिली तीन वर्षे दरमहा ३,००० रुपये मानधन! ते १६,००० व्हायला २०२३ उजाडले. १ नोव्हेंबर २००५ पासून नेमलेल्यांसाठी जुनी निवृत्तिवेतन योजनाही बंद झाली. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले, असेच म्हणावे लागते.

कादंबरीच्या शेवटी दुष्काळाने वाडी ओस पडते, शाळा रिकामी होते. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव शासनाने मागवले. तेथे शाळा दुष्काळाने उठली. येथे ती पटाच्या आकड्याने उठू शकते. पोडावरच्या लहानग्याला त्यात फरक तो काय?

पोप तेरावे लिओ यांनी १८९१ मध्ये 'रेरूम नोव्हारूम' या परिपत्रातून न्याय्य वेतनाचा आग्रह धरला. आमच्या कितीतरी घरांत शिक्षक आहेत. शिक्षकदिनी त्यांच्या हाती पुष्पगुच्छ देताना वेतनाची आणि शाळेच्या पटाचीही विचारपूस व्हावी. 'बनगरवाडी' आम्ही या दृष्टीने वाचली, तेव्हाच तिचा शेवट आम्हांला खरा बोचला.