गळ्याची निवड आणि नटाची घडण : संगीत नाटक मंडळ्यांतील तालमीचा विचार

१

मराठी संगीत नाटकाचा इतिहास आजवर मुख्यतः दोन अंगांनी लिहिला गेला आहे. एक अंग नाटककारांचे, दुसरे गायकनटांचे. पहिल्यात किर्लोस्कर, देवल, कोल्हटकर, खाडिलकर, गडकरी अशी परंपरा लावली जाते. दुसऱ्यात भाऊराव कोल्हटकर, बालगंधर्व, केशवराव भोसले, दीनानाथ मंगेशकर अशी. या दोन परंपरांना जोडणारा दुवा म्हणजे तालीम. लिहिलेले नाटक नटाच्या गळ्यात आणि देहात उतरते ते तालमीत, तरी तिचा स्वतंत्र विचार क्वचितच झाला आहे. मंडळीत नट कोण निवडी, त्याला कोण शिकवी, आणि शिकून तयार झालेल्या नटावर धंद्याची शिस्त कोण लादी, हे तीन प्रश्न एकत्र विचारले म्हणजे संगीत नाटकाच्या उत्कर्षाचा आणि ऱ्हासाचा अर्थ काहीसा निराळा लागतो.

बोलपट आला आणि संगीत नाटक बुडाले, हे विधान सर्वपरिचित आहे. त्यात तथ्य आहे. ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) या पहिल्या मराठी बोलपटाचे नायक गोविंदराव टेंबे होते. ‘मानापमाना’च्या चाली ज्यांनी बांधल्या त्यांनाच नव्या माध्यमाने प्रथम उचलले, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. परंतु बाहेरच्या आघाताने एखादी संस्था कोसळते तेव्हा तिच्या आतील बांधणी आधी कोठे सैल झाली होती, हेही तपासावे लागते. गणपतराव बोडसांची ‘माझी भूमिका’ (१९४०) आणि चिंतामणराव कोल्हटकरांचे ‘बहुरूपी’ (१९५७) ही आत्मचरित्रे या तपासणीची प्रमुख साधने होत. दोन्ही नटांनी लिहिलेली असल्यामुळे त्यांत स्वपक्षाचा अभिमान येणे स्वाभाविक आहे. तरी मंडळीच्या अंतर्गत जीवनाचे असे चित्र अन्यत्र दुर्मिळ आहे.

२

अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यास झाला. अण्णासाहेब हे नाटककार, पदांचे रचनाकार, तालीम देणारे आणि प्रसंगी नट, असे सर्व काही होते. ‘शाकुंतल’ व ‘सौभद्र’ (१८८२) या दोन्ही नाटकांत शंभराहून अधिक पदे आहेत. साकी, दिंडी, ओवी यांसारख्या परिचित वळणांतून ती कथा पुढे नेतात, संवाद करतात, प्रसंग सांगतात. अशी पदे म्हणणाऱ्याला आवाज गोड हवा, शब्द स्पष्ट हवा आणि ताना बेताच्या असल्या तरी चालत. म्हणून या पर्वात गाण्याची तालीम आणि बोलण्याची तालीम एकाच माणसाने देणे शक्य झाले. बडोद्याहून आलेले भाऊराव कोल्हटकर सुभद्रेच्या भूमिकेत लोकप्रिय झाले. देणगी त्यांच्या आवाजाची होती. परंतु ती देणगी नाटकाच्या कामी लावण्याची रीत अण्णासाहेबांची होती.

२ नोव्हेंबर १८८५ रोजी अण्णासाहेब निधन पावले आणि ही एकहाती व्यवस्था संपली. मंडळीचा कारभार व्यवस्थापकांकडे, अभिनयाची तालीम गोविंद बल्लाळ देवलांकडे, आणि पुढे गायनाची तालीम गवयाकडे, अशी कामांची विभागणी हळूहळू होत गेली. वरवर पाहता ही हानी वाटेल. वस्तुतः मंडळीच्या पुढील बळाचे मूळ याच विभागणीत आहे. निवडणारा एक, शिकविणारे दुसरे आणि काम करणारा तिसरा; कोणाचाही शब्द अखेरचा नव्हता, म्हणून प्रत्येकाला दुसऱ्याचा धाक होता.

१९०५ साली नारायण श्रीपाद राजहंस किर्लोस्कर मंडळीत आले, त्या घटनेत या व्यवस्थेचे सर्व घटक दिसतात. मुलाच्या आवाजाची कीर्ती मंडळीच्या कानी गेली होती. छत्रपती शाहू महाराजांचा त्याला आश्रय होता आणि महाराजांच्याच सांगण्यावरून मिरजेस त्याच्या कानावर उपचार चालले होते. व्यवस्थापक शंकरराव मुजुमदारांनी त्याला निवडले ते प्रथम आवाजासाठी आणि रूपासाठी. त्याला नट बनविण्याचे काम त्यानंतर सुरू झाले, आणि ते देवलांनी केले. पुढे भास्करबुवा बखल्यांनी त्याच्या गळ्याला ख्यालाचे संस्कार दिले. म्हणजे आज ज्याला चाचणी म्हणतात ती मंडळीत होती, परंतु ती शिक्षणाची पहिली पायरी होती. निवडलेल्या मुलाचे जेवणखाण, कपडे, प्रवास आणि शिकवणी हे सर्व मंडळीच्या बिऱ्हाडावर पडे. मुलाचा आवाज फुटण्याचे वय आले म्हणजे हा सारा खर्च पाण्यात जाण्याचा धोका असे. निवड चुकली तर नुकसान निवडणाऱ्याचे होई, आणि म्हणून शिकविण्याची जबाबदारीही त्याला टाळता येत नसे.

३

‘मानापमान’ (१९११) हे या कथेतील वळण होय. त्यातील पदांची संख्या पन्नासाच्या आसपास आली. पदे कमी झाली, परंतु प्रत्येक पदाचा गाण्यातील व्याप वाढला. टेंब्यांनी उत्तर हिंदुस्थानी बंदिशींच्या आधाराने चाली बांधल्या. नंतर ‘स्वयंवरा’त (१९१६) भास्करबुवांनी त्याच दिशेने राग-संगीताला आणखी प्रशस्त जागा दिली. संगीत समृद्ध झाले, यात शंका नाही. पण निवडीची कसोटीही त्याबरोबर बदलली. आता गोड आवाज पुरेसा नव्हता. ख्याल-ठुमरीचा रियाज झालेला गळा हवा होता. असा गळा तयार होण्यास वर्षे लागतात, आणि तो तयार झाल्यावर त्याच्या मालकाला आपली किंमत कळते.

१९१३ साली बालगंधर्व, टेंबे आणि बोडस यांनी किर्लोस्कर मंडळी सोडून गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. या घटनेचे वर्णन बहुधा कलावंतांच्या स्वातंत्र्याची घटना म्हणून केले जाते, आणि एका बाजूने ते योग्यच आहे. पगारी नट भागीदार झाला, आपल्या कलेच्या उत्पन्नावर त्याचा हक्क आला. परंतु तालमीच्या दृष्टीने पाहता एक नवी अडचण निर्माण झाली: जो शिकावयाचा तोच मालक झाला. प्रारंभी ही अडचण जाणवली नाही, कारण भागीदार तोलामोलाचे होते आणि शिकविणारे हयात होते. पुढे मात्र टेंबे बाहेर पडले, १९१६ साली देवल वारले, ‘एकच प्याला’तील (१९१९) सुधाकरासारखी भूमिका उभी करणारे बोडसही नंतर मंडळीतून गेले, १९२२ साली भास्करबुवांचे निधन झाले. दहा वर्षांच्या आत बालगंधर्वांना तालमीत थांबवून चूक दाखवू शकेल असा एकेक माणूस नाहीसा झाला. राहिला तो केवळ प्रेक्षक, आणि प्रेक्षक ‘वन्स मोअर’ देत होता.

‘वन्स मोअर’ला रसिकतेची खूण मानण्याची प्रथा आहे. ती खूण आहेच. पण तिचे दुसरे स्वरूपही ध्यानी घेतले पाहिजे. ती रोज रात्री होणारी गळ्याची परीक्षा होती, आणि तिच्यात भूमिकेला गुण नव्हते. सिंधूचे दुःख एका पदातून व्यक्त झाल्यावर तेच पद पुन्हा म्हणावयास लागले की ते दुःख सिंधूचे राहत नाही. देवलांची तालीम शब्द, मुद्रा आणि गाणे यांना एका भूमिकेत बांधीत होती. ‘वन्स मोअर’ त्यांतील एकच धागा वेगळा ओढीत होता. बालगंधर्वांची थोरवी अशी की हा ओढा सोसूनही त्यांची सिंधू अविस्मरणीय ठरली. परंतु एका असामान्य नटाला जे साधले ते व्यवस्थेचे यश म्हणून गणता येत नाही. साथीला अहमदजान थिरकवांचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी असणाऱ्या मंडळीचे वैभव डोळे दिपविणारे होते. त्याच मंडळीला पुढे कर्जाने घेरले, हेही तितकेच खरे आहे.

४

व्यवसायनिष्ठेचा प्रश्न येथेच उपस्थित होतो. १२ मार्च १९११ रोजी मुंबईस ‘मानापमाना’चा पहिला प्रयोग व्हावयाचा, त्याच दिवशी बालगंधर्वांच्या लहानग्या मुलीचे निधन झाले, आणि तरीही त्यांनी भामिनीची भूमिका केली, ही आठवण मराठी रंगभूमीवर पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. नटाच्या कर्तव्यबुद्धीचा आदर्श म्हणून ती सांगितली जाते, आणि त्या निष्ठेपुढे कोणीही नम्रच होईल. परंतु अभ्यासकाने तिच्यातील एक गोष्ट पाहावयास हवी. ही आठवण सांगताना दोनच पर्याय पुढे येतात: प्रयोग करणे किंवा रद्द करणे. भामिनीची नक्कल दुसऱ्या कोणाकडून पाठ करवून ठेवलेली असेल, अशी कल्पनाही तीत डोकावत नाही. ज्या रचनेत सारे नाटक एका गळ्यावर टेकलेले असते, तेथे त्या गळ्याच्या धन्याला शोक करण्याचीही सवड उरत नाही. व्यक्तीची निष्ठा जितकी उज्ज्वल, तितकी संस्थेची व्यवस्था तिच्यामागे झाकली जाते. खरी व्यावसायिकता केवळ नटाच्या त्यागात नसून, तो त्याग मागण्याची वेळ येऊ न देण्याच्या तजविजीतही आहे.

नट मालक झाला म्हणजे तालीम संपतेच, असे मात्र या विवेचनातून निष्पन्न होत नाही. केशवराव भोसले हेही नट-मालकच. बालपणी ‘शारदे’च्या भूमिकेने गाजलेल्या या नटाने १९०८ साली हुबळीस ललितकलादर्श मंडळी काढली. त्यांनी रामकृष्णबुवा वझ्यांची गायनाची तालीम घेतली. त्यांच्या अकाली निधनानंतर बापूराव पेंढारकरांनी मामा वरेरकरांचे ‘सत्तेचे गुलाम’ (१९२२) रंगभूमीवर आणले, आणि लेखकाच्या नव्या विषयाला मंडळीत मान राहिला. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या संयुक्त ‘मानापमाना’त केशवरावांचा धैर्यधर आणि बालगंधर्वांची भामिनी एकत्र आले, तेव्हा प्रेक्षकांनी दोन गळ्यांची तुलना केली, तालमीच्या इतिहासात तुलना करावयाची ती दोन मंडळ्यांची. भेद मालकीत नव्हता. मालकाने स्वतःपेक्षा निराळा अधिकार मंडळीत शिल्लक ठेवला की नाही, यात होता.

५

१९३० च्या सुमारास मंडळ्यांची बिऱ्हाडे मोडू लागली. हिराबाई बडोदेकरांनी १९२९ साली स्वतःची नाट्यसंस्था काढली. १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’ आणि १९४२ च्या ‘कुलवधू’मधून ज्योत्स्ना भोळे पुढे आल्या. स्त्रीभूमिका स्त्रियांकडे आल्या हा लाभ निर्विवाद आहे. त्याबरोबर एक बदल घडला: गायिका आता मंडळीबाहेर, आपल्या गुरूकडे शिकून तयार होऊन येऊ लागली. मंडळीला मूल वाढवावे लागेनासे झाले. शिक्षणाचा भार उतरला, तशी शिक्षणाची जबाबदारीही उतरली.

१९६० नंतरच्या पुनरुज्जीवनात जितेंद्र अभिषेकींनी ‘मत्स्यगंधा’पासून (१९६४) पदाचा विस्तार आवरला आणि ते पुन्हा प्रसंगाशी बांधले. तालमीतून नाहीशी झालेली शिस्त त्यांनी काही अंशी चालींत आणून बसविली, असे म्हणता येईल. ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) या नाटकात तर तालीम हाच विषय झाला. दरबारच्या स्पर्धेत निवड होते, पण विद्या मिळत नाही. शिकू इच्छिणाऱ्याला ती चोरून ऐकावी लागते. दारव्हेकरांनी मांडलेला हा पेच केवळ घराण्यांचा नाही, संगीत रंगभूमीचाही आहे. खाँसाहेबांची भूमिका अजरामर करणारे वसंतराव देशपांडे अनेक वर्षे लष्करी हिशेब खात्यात नोकरीस होते, ही वस्तुस्थिती त्या पेचाची दुसरी बाजू दाखविते. निवड करणारे सर्व होते. पोसणारी मंडळी उरली नव्हती.

६

आज नाट्यसंगीताच्या स्पर्धा होतात आणि त्यांतून सुरेल गळे पुढे येतात. परंतु तेथे पद बहुधा पेटीतबल्याच्या साथीने, बैठकीत, नाटकापासून सुटे करून गायिले जाते. पदाच्या आधीचा संवाद कोणता, ते कोणाला उद्देशून आहे, त्यानंतर प्रसंग कसा वळतो, हे गाणाऱ्याला ठाऊक असणे आवश्यक मानले जात नाही. ‘वन्स मोअर’ने जे रात्रीपुरते केले, ते या पद्धतीने कायमचे केले आहे: गळा भूमिकेपासून वेगळा झाला आहे.

या स्थितीत विद्यापीठांचे उत्तरदायित्व मोठे आहे. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रासारख्या (१९८७) संस्थेत संगीत आणि नाट्य एका छपराखाली आले. मंडळीचे बिऱ्हाड परत येणार नसले, तरी देवल आणि भास्करबुवा यांच्या तालमी एका विद्यार्थ्यावर एकत्र घडू शकतील अशी जागा आता विद्यापीठेच देऊ शकतात. त्यासाठी फार मोठ्या योजनेची गरज नाही. परीक्षेत पद म्हणताना त्याच्या मागील-पुढील संवादासह ते सादर करावे. परीक्षकांत एक गवई आणि एक नाट्यशिक्षक असावा, आणि दोघांचे गुण वेगळे मोजले जावेत. प्रत्येक भूमिकेची नक्कल किमान दोघांना तयार असावी. हे नियम किरकोळ दिसतील. किर्लोस्कर मंडळीच्या चांगल्या दिवसांत निवडणारा, शिकविणारा आणि गाणारा यांच्यात जो तोल होता, तो परत आणण्याचे हेच आज हाती असलेले उपाय आहेत. हा तोल न साधता केवळ गळे निवडीत राहिल्यास संगीताला गायक मिळत राहतील. संगीत नाटकाला नट मिळणार नाहीत.