‘स्वामी’ पुन्हा वाचताना

अद्भुत म्हणजे वास्तवापासून पळ काढण्याची वाट, हा समज आपल्याकडे जुना आहे. त्याला कारणही आहे. मराठी कादंबरीच्या आरंभकाळात ‘मुक्तामाला’ (१८६१), ‘मंजुघोषा’ (१८६८) यांसारख्या अद्भुतरम्य कथांनी वाचकांचे मन रिझविले. पुढे हरिभाऊ आपट्यांनी आपल्याच घरातली माणसे कादंबरीत आणली, आणि तेव्हापासून वास्तववादाला मिळालेली प्रतिष्ठा आजतागायत टिकून आहे. अद्भुत हे मुलांसाठी किंवा करमणुकीसाठी, असे नोकरीच्या काळात आम्हीही मानीत होतो. हे मत बदलण्यास जी. ए. कुलकर्णी यांची एक कथा कारण झाली.

जीए आपल्याच मातीतले. १९२३ साली बेळगाव जिल्ह्यातील एकसंबा येथे त्यांचा जन्म झाला, आणि आयुष्याचा मोठा काळ त्यांनी धारवाडात इंग्रजी शिकविण्यात घालविला. ‘पिंगळावेळ’ (१९७७) या संग्रहात त्यांची ‘स्वामी’ ही कथा आहे. रणजित देसाईंच्या कादंबरीशी तिचे साम्य नावापुरतेच. प्रवासात अडकलेल्या एका माणसाला एक महंत आपल्या मठात नेतो. तेथे त्याचे उत्तम आदरातिथ्य होते. मग जमिनीखालील एका खोलीचे दार त्याच्यामागे बंद होते, ते कायमचे. आता तोच मठाचा स्वामी. त्याची सेवा होईल, त्याला काही कमी पडणार नाही. फक्त बाहेर पडता येणार नाही.

असे कोठे घडते काय, हा प्रश्न वाचताना मनात येतच नाही. याचे कारण कथेच्या बांधणीत आहे. लेखक आपल्याकडून एकच असंभाव्य गोष्ट मान्य करून घेतो. त्यानंतर सारे काटेकोर तर्काने घडते. जुन्या अद्भुतकथेत नायक संकटात सापडला की एखादा चमत्कार धावून येतो. येथे चमत्कार कोंडण्यापुरताच आहे, सोडविण्यासाठी नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे येथील महंत दुष्ट नाही. तो नम्रपणे बोलतो आणि प्रत्येक शंकेचे उत्तर देतो. त्याची श्रद्धाही ढोंगी वाटत नाही, आणि भय वाटते ते नेमके याचेच. माणसाला साखळदंडाने बांधावे लागत नाही, सन्मानानेही बांधता येते, हे सत्य सामाजिक कादंबरीच्या अनेक प्रकरणांतून जेवढे ठसले नसते तेवढे या एका बंद दाराने ठसते.

पहिल्या वाचनात आम्हांला ही कथा केवळ भयकथा वाटली होती. निवृत्तीनंतर ती पुन्हा वाचली, तेव्हा मात्र एक जुनी फाईल आठवली. जमिनीच्या एका प्रकरणात वरून आलेली टिपणी चुकीची आहे हे आम्हांला ठाऊक होते. एका कुटुंबाचे शेत त्यामुळे जाणार होते. त्या सुमारास आमच्या बढतीचा विचार चालू होता. कोणी धमकी दिली नाही. साहेबांनी चहा मागविला, आमच्या कामाची स्तुती केली. आम्ही सही केली. त्या फाईलमधला सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ, तारखा सारे अचूक होते. वास्तव म्हणावे ते सर्व त्यात होते; खरे तेवढे नव्हते. ते आम्हांला न घडलेल्या एका गोष्टीत, न पाहिलेल्या एका मठात सापडले. त्या महंताचा आवाज आमच्या ओळखीचा होता.

तरीही येथे जीएंशी आमचा थोडा मतभेद आहे. त्यांच्या सृष्टीत नियती इतकी बलवान असते की माणसाच्या हाती फारसे काही उरत नाही. ‘स्वामी’तल्या माणसापुढे खरोखरच दुसरा मार्ग नव्हता, त्याचे दार बाहेरून बंद झाले होते. आमच्या हातात मात्र लेखणी होती. ‘आम्हीही तसेच अडकलो’ असे म्हणून त्याच्या पंक्तीला बसणे सोयीचे आहे, पण ते खोटे ठरेल. अद्भुतकथा आरसा दाखविते, माफीपत्र देत नाही. वाचकाने साम्याइतकाच भेदही पाहावयास हवा.

कथेच्या अखेरीकडे त्या कोंडलेल्या जागेत एक वेल वाढते आणि हवेच्या वाटेने वर उजेडाकडे निघते. बाहेर जाणे शक्य नसलेला तो माणूस तिच्या जाण्यातच समाधान मानतो. इतके थोडे त्याला करता येण्याजोगे होते, आणि तेवढे त्याने केले. आम्हांला त्याहून कितीतरी अधिक करता आले असते. पुस्तक मिटल्यावर मनात राहिली ती ही बोच, आणि ती देणाऱ्या साहित्याला पळवाट म्हणण्याचे धैर्य आता आम्हांला होत नाही.