सुलाकोची सनद

कल्पित देश निर्माण करणे कादंबरीकारास फारसे अवघड जात नाही. दोन पर्वत, एक नदी, एक किल्ला आणि उच्चारावयास कठीण अशी चार गावे एवढी सामग्री त्यास पुरते. अँथनी होप याने १८९४ साली 'द प्रिझनर ऑफ झेंडा' या कादंबरीत रुरिटानिया नावाचे असेच एक राज्य उभारले आणि ते अफाट लोकप्रिय झाले. त्या राज्यात राज्याभिषेक आहे, तोतया राजा आहे, तलवारींचा खणखणाट आहे; नाही तो केवळ जमाखर्च. तेथील शेतकरी काय पिकवितो, सरकार कर कशावर बसविते, याची वाचकास कधी आठवणही होत नाही. म्हणूनच शरदिंदु बंद्योपाध्याय यांना ते सारे कथानक उचलून 'झिंदेर बंदी' या बंगाली कादंबरीत मध्य भारतातल्या एका संस्थानात सुखरूप नेऊन ठेवता आले. ज्या राज्याला स्वतःची जमीनच नाही, ते कोठेही रुजते.

जोझेफ कॉनरॅड याच्या 'नॉस्ट्रोमो' या कादंबरीतील सुलाको मात्र असे उचलता येत नाही. १९०४ साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी दक्षिण अमेरिकेतील कोस्टाग्वाना नावाच्या कल्पित प्रजासत्ताकाची आणि त्यातून फुटून निघालेल्या त्याच्या पश्चिम प्रांताची कथा सांगते. सुलाको ही त्या प्रांताची राजधानी. ज्या खंडाचे चित्र कॉनरॅडने येथे रेखाटले, त्याच्या किनाऱ्यावर तो तरुणपणी खलाशी असताना जेमतेम काही दिवस उतरला होता. बाकीचे सारे त्याने प्रवासवर्णने आणि आठवणींचे ग्रंथ वाचून रचले. तरीही हा देश खऱ्या देशांहून अधिक खरा वाटतो. तो तसा का वाटतो, हा या लेखाचा विषय आहे. माझे उत्तर एका वाक्यात सांगावयाचे तर असे: या देशाच्या मुळाशी एक कायदेशीर दस्तऐवज आहे, आणि कादंबरीतील सारी माणसे, क्रांत्या आणि विश्वासघात त्या दस्तऐवजातून निघाले आहेत.

प्रथम भूगोल. सुलाकोपुढील आखाताचे नाव गोल्फो प्लासिदो, म्हणजे शांत आखात. तेथे वारा म्हणून नसतो. शिडाची गलबते आत येऊ पाहत तो दिवसचे दिवस एका जागी खिळून राहत. पाठीशी प्रचंड पर्वतराजी, तिच्यात हिगेरोता हे हिमाच्छादित शिखर. आणि देशाची राजधानी सांता मार्ता पर्वताच्या पलीकडे. समोर वारा नाही, मागे वाट नाही. परिणामी स्पॅनिश अमदानीपासून हे गाव बैलांची कातडी आणि नीळ यांच्या किनारी व्यापारावर जगणारे एक आडबाजूचे बंदर राहिले. पुढे वाफेवर चालणाऱ्या आगबोटी आल्या. त्यांना वाऱ्याची पर्वा नव्हती. ज्या शांततेने शतकानुशतके सुलाकोचे रक्षण केले होते, ती एका यंत्राने निरर्थक ठरविली. पहिल्याच प्रकरणात लेखकाने आखाताचे जे प्रदीर्घ वर्णन दिले आहे ते वाचून कंटाळणारे वाचक पुष्कळ आहेत. पण त्या वर्णनात पुढील सगळा इतिहास बीजरूपाने आहे. जो प्रांत निसर्गानेच वेगळा पाडला आहे, तो एके दिवशी राजकारणानेही वेगळा होणार.

याच पर्वतात सान तोमेची रुप्याची खाण आहे. तिचा पूर्वेतिहास थोडक्यात असा. स्पॅनिश काळी ती गुलामांच्या पाठीवर चाबूक ओढून चालविली गेली आणि तीत आदिवासींच्या जमातीच्या जमाती नष्ट झाल्या. स्वातंत्र्ययुद्धानंतर एका इंग्रज कंपनीने ती घेतली; मजुरांनी उठाव करून गोऱ्या अधिकाऱ्यांस ठार केले आणि सरकारने ती जप्त केली. मग वर्षानुवर्षे तिच्यावर रान माजले. अखेर कोस्टाग्वानाच्या अनेक अल्पायुषी सरकारांपैकी एकास सुचले की, ही निरुपयोगी खाण गूल्ड नावाच्या एका सधन व्यापाऱ्याच्या गळ्यात बांधावी. या गृहस्थाकडून सरकारने जबरदस्तीने कर्जे उकळली होती. त्या कर्जांच्या फेडीदाखल खाणीची कायमची सनद त्याला देण्यात आली, आणि तिच्या तिसऱ्या कलमात अट घातली की, अंदाजी उत्पन्नावरील पाच वर्षांचे स्वामित्वधन त्याने आगाऊ भरावे.

वकिलाच्या दृष्टीने पाहता हे कलम अद्वितीय आहे. ऋणकोने धनकोस फेड म्हणून एक ओझे द्यावे, आणि ते ओझे स्वीकारल्याबद्दल पुन्हा त्याच्याकडूनच पैसे घ्यावेत! आपल्याकडील १८७२ च्या करार कायद्याखाली जुलमाने मिळविलेली संमती ही मुक्त संमती नव्हे, आणि १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे घेणाऱ्याने स्वीकारल्यावाचून देणगी पूर्ण होत नाही. पण कायद्याचे हे संरक्षण न्यायासन स्वतंत्र असेल तेथेच उपयोगी पडते. जेथे सनद देणारा, वसुली करणारा आणि निवाडा देणारा एकच, तेथे गूल्डने दाद मागावी कोणाकडे? तो परदेशी शिकणाऱ्या मुलाला पत्रामागून पत्र लिहितो: या देशात परत येऊ नकोस, या सनदेवर हक्क सांगू नकोस. त्याच चिंतेत तो मरतो.

मुलगा चार्ल्स गूल्ड परत येतो, आणि येथे कॉनरॅडची खरी प्रतिभा दिसते. ज्या कागदाने बापाचा बळी घेतला, त्याच कागदाचे तो शस्त्र करतो. सान फ्रान्सिस्कोचा धनाढ्य होलरॉयड भांडवल पुरवितो, खाण चालू होते, आणि थोड्याच वर्षांत खाणीच्या कचेरीचा शब्द प्रांताधिकाऱ्याच्या शब्दाहून वजनदार ठरतो. लोक चार्ल्सला सुलाकोचा राजा म्हणू लागतात. लाच देऊन कंटाळल्यावर तो शेवटी एक आख्खे सरकारच विकत घेतो: रिबिएरा या सज्जन गृहस्थास पाच वर्षांच्या मुदतीचा सर्वाधिकारी अध्यक्ष म्हणून बसविण्याचा खर्च खाणीतून होतो. चार्ल्सचा विश्वास असा की, आधी भौतिक हितसंबंध पक्के रुजू द्यावेत, ते स्वतःच्या रक्षणासाठी सुव्यवस्था आणतील, आणि सुव्यवस्थेमागून न्याय येईल.

'नॉस्ट्रोमो' ही रुप्याच्या मोहाने माणसे कशी भ्रष्ट होतात याची कथा आहे, असे टीकाकार सामान्यतः सांगतात. नॉस्ट्रोमो या खलाशी नायकापुरते ते खरे आहे. रुपे वाचविण्यासाठी त्याच्या हाती सोपविले जाते, ते बुडाले असे जग समजते, आणि तो गुपचूप हळूहळू श्रीमंत होत जातो. पण चार्ल्सला हा नियम लागू पडत नाही. त्याला स्वतःसाठी रुपे नको आहे. तो सचोटीचा, अबोल आणि कष्टाळू आहे, आणि तरीही त्याचे घर ओसाड होते. त्याची सुशील पत्नी एमिलिया खाणीकडे नवऱ्याला गमावून बसते. त्याला बांधले आहे ते लोभाने नव्हे, सनदेने. त्या कागदावरील हक्क शाबीत ठेवण्यासाठी तो खाणीत सुरुंग पेरून ठेवतो, की शत्रूच्या हाती देण्यापेक्षा डोंगरच उडवून द्यावा. हक्क टिकविण्यासाठी हक्काचा विषयच नष्ट करण्यास सिद्ध झालेला हा मालक लोभी माणसाहून अधिक भयंकर आहे, कारण त्याची बुद्धी त्याला दोषी ठरवीत नाही.

कादंबरीत इतरही कागद आहेत, आणि त्यांची गती पाहण्यासारखी आहे. वृद्ध देशभक्त डॉन होसे अव्हेलानोस याने कोस्टाग्वानाच्या पन्नास वर्षांच्या दुःशासनाचा इतिहास लिहिला आहे. गुझ्मान बेन्तो या हुकूमशहाच्या साखळदंडात त्याने वर्षे काढली, म्हणून तो इतिहास अनुभवाचा आहे. दंगलीच्या दिवशी छापखाना लुटला जातो आणि त्या ग्रंथाची पाने बंदुका ठासण्याच्या कामी येतात. रिबिएराची पाच वर्षांची सनदशीर मुदत मोन्तेरो या सेनापतीच्या एका बंडाने संपते, आणि अध्यक्षमहाशय खेचरावर बसून पर्वत ओलांडून पळतात. मार्टिन डेकू हा पॅरिसहून आलेला उपहासप्रिय पत्रकार सुलाकोच्या स्वातंत्र्याची कल्पना मांडतो आणि जाहीरनाम्याचा मसुदा करतो. प्रांत स्वतंत्र होतो. पण डेकू त्याआधीच आखातातील एका निर्जन बेटावरील एकांत असह्य होऊन स्वतःस गोळी घालून घेतो, आणि बुडावे म्हणून खिशात रुप्याच्या चार लगडी भरतो. इतिहास, घटना, जाहीरनामा, तिन्ही फाटतात. फाटत नाही ती फक्त सनद. नव्या प्रजासत्ताकाची खरी राज्यघटना तीच.

कॉनरॅड हे लिहीत असताना, ३ नोव्हेंबर १९०३ रोजी, कोलंबियातून पनामा फुटून निघाला. तीन दिवसांत अमेरिकेने त्यास मान्यता दिली आणि त्याच महिन्यात कालव्याचा तह झाला. कादंबरीतही नव्या ध्वजास पहिली सलामी देते ती अमेरिकन युद्धनौका. हा योगायोग नव्हे. पनाम्यातील या घडामोडींचा तिखट उल्लेख त्याने डिसेंबरात कनिंगहॅम ग्रॅहॅम या मित्रास लिहिलेल्या पत्रात केला आहे. कॉनरॅड जन्माने पोलिश. १७९५ पासून १९१८ पर्यंत नकाशावर नसलेल्या राष्ट्राचा हा मुलगा. त्याच्या वडिलांना राजकारणापायी रशियात हद्दपारी भोगावी लागली. राष्ट्र कोणाच्या मान्यतेने जन्मते आणि कोणाच्या सोयीने मरते, हे त्यास पुस्तकांतून शिकावे लागले नाही.

या कादंबरीतील 'कायमची सनद' हे शब्द गोमंतकीय वाचकास परके वाटणार नाहीत. पोर्तुगीज राजवटीत १९०६ च्या फर्मानाखाली येथेही खाणींची कन्सेशने मुदतीवाचून दिली गेली. १९६१ साली राजवट गेली, सनदा राहिल्या. त्या रद्द करून त्यांचे भाडेपट्टे करणारा कायदा संसदेने केला तो १९८७ साली, आणि त्या पट्ट्यांची मुदत २००७ च्या नोव्हेंबरातच संपली होती, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले ते २०१४ साली. राजवट बदलणे सोपे आणि दस्तऐवज बदलणे कठीण, हे कॉनरॅडचे सूत्र येथे आपल्या डोंगरांत पडताळून पाहता येते. भेद एवढाच, आणि तो लहान नाही, की सुलाकोत दाद मागावयास न्यायालय नव्हते.

कादंबरीचे दोषही सांगितले पाहिजेत. सुलाको स्वतंत्र झाल्यावर सरकारच्या तिजोरीत खाणीकडून काय येते, जकात किती, मतदान कोणास, हे आपणांस कळत नाही. यास एक समर्थन देता येईल: जेथे तिजोरी आणि खाण निराळ्या नाहीत, तेथे निराळा हिशेब दाखवावयाचा कसा? हे समर्थन मला पटते. दुसऱ्या दोषाचे समर्थन करता येत नाही. खाणीवरील मजुरांच्या वस्त्यांस नावे नाहीत, पहिली, दुसरी, तिसरी असे क्रमांक आहेत. मालकाच्या दृष्टीचे हे मार्मिक चिन्ह आहे खरे. पण लेखकही त्या वस्त्यांत क्वचितच शिरतो. ज्यांच्या श्रमावर हे प्रजासत्ताक उभे आहे त्यांपैकी एकाचाही आवाज आपण नीट ऐकत नाही. शेवटी त्यांच्यात असंतोष धुमसतो आहे, गुप्त मंडळ्या निघाल्या आहेत, हे कळते ते सुखवस्तू माणसांच्या दिवाणखान्यातील संभाषणांतून. नॉस्ट्रोमोच्या शेवटाचे प्रेमप्रकरणही नाटकी झाले आहे. दोन बहिणींमधील त्याची ओढाताण मागील चारशे पानांच्या तोलाची नाही.

उलट, अनेकांना जो दोष वाटतो तो मला गुण वाटतो. नव्या राष्ट्राच्या जन्माची कथा लेखक स्वतः सांगतच नाही. आगबोट कंपनीचा कॅप्टन मिचेल हा भाबडा, बडबड्या गृहस्थ परगावच्या पाहुण्यास शहर दाखविताना ती सांगतो: हा पुतळा, ही पाटी, येथे अमुक घडले. युद्ध, तह, रक्तपात सारे एका दुपारच्या फेरफटक्यात आटोपते. कोणत्याही राष्ट्राचा इतिहास शेवटी वाटाड्याच्या तोंडी जातो, आणि वाटाड्यास सनदेचे तिसरे कलम ठाऊक नसते.

अखेरीस डॉ. मॉनिगहॅम, ज्याचे शरीर गुझ्मान बेन्तोच्या छळाने कायमचे वाकडे झाले आहे, गूल्डबाईंना बजावतो की, भौतिक हितसंबंधांच्या वाढीत शांतता नाही. त्यांचा न्याय सोयीचा असतो, आणि एक दिवस ही सनद जुन्या रानटी राजवटीइतकीच लोकांना जड होईल. वाक्य एका कटू माणसाचे आहे, पण पुराव्यावाचून नाही; पुरावा आधीच्या सर्व पानांत आहे. खाणीच्या, धरणाच्या किंवा बंदराच्या एकाच उत्पन्नावर जगणाऱ्या कोणत्याही प्रदेशाने आपल्या ध्वजाकडे पाहण्यापूर्वी आपल्या कपाटातले करारनामे काढून वाचावेत, इतके हे पुस्तक शिकविते. ज्या वाचकास साहसकथा हवी असेल त्याने रुरिटानियास जावे. राज्य म्हणजे काय हे ज्याला पाहावयाचे असेल, त्याने पहिल्या प्रकरणातील त्या निर्वात आखातातून धीराने वाट काढावी.